इंदूरची कपाटे आणि आपली गावे

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव आणि आसपासचा मुलूख मुंबई राज्यातून निघून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि आपल्या घराघरांत एक न संपणारा विषय आला. पण त्याच दिवशी, येथून शेकडो मैल उत्तरेला, आणखी एका शहरातील मराठी माणसाचे राज्य बदलले, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल. ते शहर म्हणजे इंदूर. मध्य भारत हे राज्य त्या दिवशी संपले आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. तेथे मोर्चा निघाला नाही, हरताळ झाला नाही. होळकरांचे संस्थान १९४८ मध्येच विलीन झाले होते, आणि त्याबरोबर मराठीच्या पाठीशी असलेला दरबारही गेला होता.

इंदूरची आणि आपली गोष्ट एकच आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. आपण आपल्या मातीत आहोत. राज्याची रेषा आपल्या अंगणातून गेली. इंदूरचे मराठी लोक तिकडे गेले ते मराठ्यांच्या फौजांबरोबर, कारकुनी, भिक्षुकी आणि व्यापाराच्या निमित्ताने. भोवतालचा माळवा माळवी आणि हिंदी बोलणारा. तेथे मराठी ही कधीच साऱ्या प्रजेची भाषा नव्हती. तरीही भाषा विशेषांकासाठी लिहायला बसलो तेव्हा मला इंदूरच आठवले. सरकार, शाळा आणि कचेरी यांपैकी कोणाचाही भक्कम आधार नसताना एखादी भाषा सात-आठ दशके कशावर तग धरते, आणि कोठे झिजते, हे पाहायचे तर इंदूरसारखे दुसरे ठिकाण नाही. माझे उत्तर थोडक्यात असे, की ती तग धरते वाचनालयावर, आणि झिजते तीही वाचनालयातच.

दरबार गेला, सभा राहिली

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. दफ्तर मोडीत, पत्रव्यवहार मराठीत. त्या काळी मराठीला वाचनालयाची गरज नव्हती, कारण नोकरीच मराठी होती. पण शहाण्या माणसांनी दरबार असतानाच संस्था उभ्या केल्या. होळकरांच्या काळातच शहरात सार्वजनिक ग्रंथालय आले. १९१५ मध्ये महाराष्ट्र साहित्य सभा स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, मराठी साहित्य संमेलन इंदुरात भरले. गणेश जनार्दन आगाशे अध्यक्ष होते. १९३५ मध्ये पुन्हा संमेलन झाले; तेव्हा औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी अध्यक्षस्थानी होते. २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली तिसऱ्यांदा. महाराष्ट्राबाहेरच्या किती शहरांना असा मान तीनदा मिळाला, ते आपण मोजून पाहावे. आपल्या बेळगावला मिळाला आहे: १९२९, १९४६ आणि २०००.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९१८ मध्ये इंदुरातच हिंदी साहित्य संमेलन भरले आणि महात्मा गांधी त्याचे अध्यक्ष होते. १९३५ मध्येही तसेच. म्हणजे दोन्ही वेळा मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची संमेलने या एका गावाने मागे-पुढे भरवली. कोणाचे काही अडले नाही.

संमेलने झाली, मांडव उतरले, पाहुणे गेले. मागे काय राहिले? सभा राहिली आणि सभेची कपाटे राहिली. संस्थान विलीन झाल्यावर, राज्य बदलल्यावर, मुले हिंदी शाळांतून शिकू लागल्यावरही संध्याकाळी पुस्तक बदलायला जाणारा माणूस राहिला. इंदूरचे वि. सी. सरवटे, ज्यांचे नाव तेथील बसस्थानकाला आहे, ते घटना समितीचे सभासद होते आणि मराठी साहित्याचे समालोचन करणारे ग्रंथकारही होते. महाराष्ट्राबाहेर बसून मराठीतील ग्रंथांचा आढावा घ्यायचा, तर ते ग्रंथ हाताशी हवेत. वाचनालयावाचून असे काम होत नाही.

रद्दीचा काटा

माझ्या एका आत्याचे सासर इंदूरचे. तिचे यजमान शिक्षक होते आणि पुस्तकांचे वेडे होते. ते गेल्यावर काही वर्षांनी मी तिकडे गेलो, तेव्हा घर विकायचे ठरले होते आणि ओसरीवर दोन कपाटे पुस्तके काढून ठेवली होती. खांडेकर होते, फडके होते, साने गुरुजी होते, बांधलेले दिवाळी अंक होते. आतेभावाने गावातल्या एका वाचनालयात विचारले होते. तेथून नम्रपणे उत्तर आले, की यातली बहुतेक पुस्तके आमच्याकडे तीन-तीन, चार-चार प्रती आहेत. दर महिन्याला अशी दोन तरी घरे रिकामी होतात. ठेवायला जागा नाही. त्यांचेही चुकले नव्हते. दुपारी रद्दीवाला आला. त्याने काटा लावला आणि किलोच्या भावाने सगळे घेऊन गेला. त्याने एकही पुस्तक उघडून पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते.

मी त्यातून एक गोष्टींचे पुस्तक उचलले आणि आतेभावाच्या मुलाला वाचायला सांगितले. मुलगा हुशार, सातवीतला, हिंदी शाळेतला. लिपी तीच असल्यामुळे त्याने धडाधड वाचायला सुरुवात केली. ‘चाक’मधला च तो ‘चहा’मधल्या चसारखा म्हणत होता आणि ळ दिसला की त्याचा ल करीत होता, पण अडखळत नव्हता. मग एक वाक्य आले, की मास्तरांनी मुलांना शिक्षा केली. मी विचारले, काय केले मास्तरांनी? तो म्हणाला, ‘‘शिकवलं.’’ हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पुढे ‘चेष्टा’ आली. हिंदीत तिचा अर्थ प्रयत्न. असे चार-पाच शब्द झाल्यावर तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, ‘‘काका, वाचता तर येतं, पण समजून नाही राहिलं.’’

त्या दुपारी मला दोन गोष्टी कळल्या. दहा-वीस हजार पुस्तके असली म्हणजे वाचनालय जिवंत आहे असे नव्हे. पुस्तके पुष्कळ झाली आणि वाचक आटला, तर वाचनालय हे रद्दीच्या वाटेवरचे एक थांब्याचे ठिकाण होते. दुसरी गोष्ट अशी, की लिपी येणे आणि भाषा येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर फक्त वाचून भरून निघते. कोणी त्या मुलाला आठवड्याला एक मराठी पुस्तक दिले असते, तर ‘शिक्षा’ त्याला चौथीतच कळली असती.

मोडी गेली तशी बाळबोध

आता आपल्या गावांकडे येतो. इंदूरच्या त्या मुलाला लिपी येते आणि भाषा निसटते आहे. आपल्याकडे उलटे आहे. सीमाभागातील कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी घरातील मुलाला भाषा येते. तो आजीशी बोलतो, भजनाला टाळ धरतो, शेतात, बाजारात, भांडणातही त्याची मराठी खणखणीत असते. पण त्याच्यापुढे मराठी वर्तमानपत्र ठेवा. शाळेत मराठी हा विषय नसेल, तर बरीच मुले मथळ्यावरच थांबतात. कन्नडची लिपी वेगळी, इंग्रजीची वेगळी. देवनागरीशी त्याची गाठ पडते ती हिंदीच्या तासाला, आणि तीही परीक्षेपुरती. इंदूरला जी सवलत लिपीने दिली, ती आपल्याला नाही. म्हणून आपल्याकडे वाचनाचा धागा तुटायला दोन-तीन पिढ्या लागणार नाहीत, एक पुरेल.

हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. आपल्याच घरात याचा दाखला आहे. तुमच्या माळ्यावरच्या पेटीत आजोबा-पणजोबांची खते असतील, जमिनीचे कागद असतील. ते मोडीत आहेत. तुम्हांला वाचता येतात का? आपल्या आजोबांनी, आपल्या जमिनीविषयी, आपल्याच भाषेत लिहिलेला कागद आपण मोडी वाचणाऱ्याकडे घेऊन जातो आणि पैसे देऊन वाचून घेतो. मोडी कोणी बंदीने मारली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळेतून गेली, छापखान्यात तिला जागा नव्हतीच, आणि पाहता पाहता ती तज्ज्ञांची झाली. होळकर दफ्तराचीही हीच अवस्था. कागद आहेत, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आजोबांची मोडी आपल्याला येत नाही. आपली बाळबोध आपल्या नातवाला येणार नसेल, तर आपण जे काही लिहून ठेवू, ते त्याच्या दृष्टीने माळ्यावरचे कागदच ठरेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे, गावोगावी पेढे वाटले गेले. पण अभिजात दर्जा हा भाषेच्या भूतकाळाचा गौरव असतो. भविष्यकाळ दिल्लीहून येत नाही. तो गावातल्या नोंदवहीत असतो: या महिन्यात किती मुलांनी किती पुस्तके घरी नेली?

अभ्यासिका झाली, कपाट बंद झाले

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाचनालयांचे रूप पालटले आहे. पूर्वी सकाळी वर्तमानपत्रासाठी म्हातारी माणसे, दुपारी कादंबऱ्यांसाठी घरातल्या बायकांनी पाठवलेली पोरे आणि संध्याकाळी तरुण, अशी वर्दळ असे. आता वर्तमानपत्र फोनवर आले आणि करमणूकही. राहिले कोण? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी. घरी जागा नाही, वीज नाही, शांतता नाही, म्हणून ते येतात. बऱ्याच वाचनालयांनी त्यांच्यासाठी अभ्यासिका काढल्या. ही गोष्ट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याचे पोर रात्री अकरापर्यंत दिव्याखाली बसते, त्याला बाक देणे हे वाचनालयाचे पुण्यच आहे.

पण हे विद्यार्थी आपापली पुस्तके पिशवीतून आणतात आणि पिशवीतून नेतात. वाचनालयाच्या कपाटाशी त्यांचा संबंध येत नाही. हळूहळू कपाटे मागच्या खोलीत जातात, त्यांना कुलूप लागते, किल्ली चिटणिसांच्या घरी आणि चिटणीस मुलाकडे पुण्याला. अहवालात सभासदसंख्या वाढलेली दिसते, उपस्थिती वाढलेली दिसते. देवघेवीचा रकाना तेवढा कोणी वाचत नाही. माझे म्हणणे एवढेच, की अभ्यासिका ठेवावी, पण कपाटे त्याच खोलीत ठेवावीत, आणि उघडी ठेवावीत. दोन-चार पुस्तके जातील. कुलपात वाळवीने खाल्लेल्या पुस्तकांपेक्षा कोणी चोरून वाचलेले पुस्तक बरे. गणिताने डोके तापलेला मुलगा पाय मोकळे करायला उठतो, तेव्हा त्याच्या हाताला व्यंकटेश माडगूळकर लागला पाहिजे.

फोनलाही शत्रू समजण्याचे कारण नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो. हे गावातल्या किती मुलांना कोणी सांगितले आहे? वाचनालयातील कार्यकर्त्याचे काम पूर्वी पुस्तक काढून देण्याचे होते. आता वाट दाखवण्याचेही आहे.

हक्काचे मागावे, पण त्यावर विसंबू नये

पैशाचा प्रश्न येतोच. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याने ग्रंथालय कर लावला नाही. सरकार आपल्या तिजोरीतून मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देते. सीमेच्या त्या अंगाच्या गावांना हा आधार आहे. कर्नाटकात १९६५ चा कायदा आहे आणि तेथे ग्रंथालयासाठी उपकर बसवला जातो. म्हणजे या अंगाचा मराठी माणूसही ग्रंथालयासाठी पैसे भरतो. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात जाऊन, गावात मराठी वाचणारे इतके आहेत, तेव्हा एक मराठी दैनिक आणि काही मराठी पुस्तके ठेवावीत, असा अर्ज करायला कोणाची हरकत असू नये. यात भांडण नाही. करदात्याने केलेली मागणी आहे. अर्ज सह्यांनिशी करावा, पोच घ्यावी आणि पुस्तके आली तर ती वाचावीत. मागून आणलेली पुस्तके कोणी नेली नाहीत, तर पुढच्या अर्जाला काय किंमत राहील?

इंदूरच्या मराठी वाचनालयांना मात्र महाराष्ट्राचा कायदा लागू होत नाही. तेथे हे काम चालत आले ते वर्गणीवर, देणगीवर आणि संध्याकाळी दोन तास विनामोबदला बसणाऱ्या माणसांवर. हीच त्यांची ताकद, आणि हाच त्यांचा कमकुवत दुवा. माणूस म्हातारा झाला, त्याच्या जागी दुसरा आला नाही, की दिवा जातो. अनुदान मिळाले तर घ्यावे. पण अनुदान म्हणजे कपाट. कपाटापाशी बसणारा माणूस अनुदानातून येत नाही.

पालखीतले ग्रंथ कोठे जातात?

थोडे आपल्याविषयी, आणि थोडे कडू. आपल्या भागातील गावे साहित्य संमेलने भरवतात याचा मला अभिमान आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांनी शेतकऱ्यांच्या बळावर जे चालवले आहे, ते महाराष्ट्रातील पुष्कळ तालुक्यांच्या गावांना जमलेले नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेतात, लेझीम खेळले जाते, पालखीत ग्रंथ ठेवलेले असतात. वक्ते येतात, कवी येतात, हजारोंच्या पंगती उठतात. हे सगळे हवेच.

पण संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी ते पालखीतले ग्रंथ कोठे जातात? कोणाच्या तरी घरी, कपड्यात बांधून, पुढच्या वर्षीच्या पालखीपर्यंत. आपण ग्रंथाची पूजा करतो आणि ग्रंथ वाचत नाही, अशी टीका आपल्यावर कोणी केली तर काय उत्तर देणार? संमेलन हा सण आहे. वाचनालय ही रोजची भाकरी. सण एक दिवस असतो म्हणूनच तो सण. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय? इंदूरने तीन संमेलने पाहिली, पण इंदूरचे मराठीपण त्या तीन संमेलनांच्या नऊ-दहा दिवसांवर टिकलेले नाही. ते दोन संमेलनांच्या मध्ये गेलेल्या वर्षांत, रोज उघडणाऱ्या दारावर टिकले.

बडोद्याची पेटी

मग करायचे काय? प्रत्येक गावाने इमारत बांधावी, पाच हजार पुस्तके घ्यावीत असे सांगितले तर कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. येथे आणखी एका मराठी राजाची आठवण होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, की शाळा सुटल्यावर खेड्यातल्या मुलाच्या हाती पुस्तक पडत नाही आणि चार वर्षांत तो अक्षरे विसरतो. सक्तीचे शिक्षण वाया जाते. म्हणून १९१० पासून त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची योजना आखली. शहरात मोठे ग्रंथालय, तालुक्यांत आणि खेड्यांत लहान, आणि जेथे काहीच नाही तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. पेटी गावात यायची, लोक वाचायचे, मग ती पुढच्या गावी जायची आणि दुसरी यायची. वाचकाला एक पैसा द्यावा लागत नसे.

ही पेटी आपल्याला आजही परवडते. हिशेब मांडून पाहू. जवळजवळची पाच गावे एकत्र आली आणि प्रत्येकाने चाळीस पुस्तके घेतली, पण याद्या एकमेकांना दाखवून, म्हणजे एकाही पुस्तकाची दुसरी प्रत होणार नाही. पुस्तकाला सरासरी अडीचशे रुपये धरले, तर गावाला दहा हजार खर्च येतो. आपल्या संमेलनाच्या हिशेबाची वही काढून पाहावी. त्यात हा आकडा कोठे बसतो ते दिसेल. चाळीस पुस्तकांची पेटी गावात दोन महिने राहील आणि पुढे जाईल. दहा महिन्यांत प्रत्येक गावाला दोनशे पुस्तके पाहायला मिळतील. उरलेल्या दोन महिन्यांत पुस्तके मोजावी, फाटकी चिकटवावी, हरवलेली नवी घ्यावी आणि पुन्हा फेरा सुरू करावा. पेटी देवळात ठेवा, तालमीत ठेवा, दूध संस्थेत ठेवा. दूध संस्था उत्तम. तेथे घरटी एक माणूस सकाळ-संध्याकाळ येतोच.

पेटीत काय असावे, याबद्दल एक सूचना. निम्मी पुस्तके मुलांची असावीत, मोठ्या टाइपाची, चित्रांची. लिपी न आलेल्या मुलासाठी अंकलिप्याही असाव्यात. कारण इंदूरच्या वाचनालयासमोर जो प्रश्न आहे, तो शब्दांचा. आपल्यासमोरचा आधी अक्षरांचा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत गावातील एखाद्या निवृत्त गुरुजींनी किंवा शिकलेल्या सुनेने रोज तासभर दहा मुले बसवली, तर महिन्याभरात बाळबोध येते. भाषा तर त्यांना येतेच आहे. फक्त दार उघडायचे आहे.

आणि जुन्या पुस्तकांची देणगी घेताना भीड बाळगू नये. जे हवे ते घ्यावे, जे नको ते नम्रपणे परत करावे. नाहीतर पेटीची रद्दी व्हायला वेळ लागत नाही.

भाषा भिंत घालून टिकत नाही

शेवटी एक गोष्ट सांगितली नाही तर इंदूरवर अन्याय होईल. तेथील मराठी माणसाने मराठी जपली ती हिंदीचा राग करून नव्हे. राहुल बारपुते मराठी घरातले. ते इंदूरच्या ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे दीर्घकाळ संपादक होते. गजानन माधव मुक्तिबोध इंदूरच्या होळकर महाविद्यालयात शिकले आणि हिंदीतील थोर कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले आणि तेही मोठे कवी आणि समीक्षक झाले. एका आईची दोन मुले, दोन भाषा. घरात पुस्तके दोन्ही भाषांची असली म्हणजे असे होऊ शकते.

आणि आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व कोणाचे? जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या गावात, कन्नड घरात. आजारपणामुळे १९४८ मध्ये ते इंदूरजवळच्या देवासला गेले आणि तेथेच राहिले. माळव्याची लोकगीते त्यांनी गायली, कबीर गायला, तुकारामही गायला. कन्नडांना ते आपले वाटतात, मराठी माणसाला आपले वाटतात, माळव्याला तर वाटतातच. ज्याला एक भाषा पुरती येते, त्याला दुसरीची भीती वाटत नाही. आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे, इंग्रजीही शिकावे. पण घरची भाषा फक्त तोंडात राहिली आणि डोळ्यांना अनोळखी झाली, तर ते श्रीमंत होणार नाहीत; एका घराची किल्ली हरवलेले होतील.

२७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. फलक लागतात, भाषणे होतात. यंदा त्या दिवशी एक छोटी गोष्ट करून पाहावी. गावातील वाचनालय असेल तर तेथे जावे, नसेल तर दूध संस्थेत चौघांनी बसावे. शंभर पानांची एक वही घ्यावी. तिच्यावर गावाचे नाव घालावे. रकाने आखावेत: तारीख, वाचकाचे नाव, पुस्तकाचे नाव, परत केल्याची तारीख. पहिली ओळ स्वतःच्या मुलाच्या किंवा नातवाच्या नावाने भरावी आणि त्यालाच सही करायला सांगावे, मराठीत. त्याला ती करता आली नाही, तर वाचनालय कोठून सुरू करायचे, हे आपल्याला त्याच क्षणी कळेल.